वीणेला तार कोणती लावावी?

साकोळ, येरोळ, उजेडकडच्या आणि शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या सगळ्या भजनी मंडळांतल्या बायांना माझा रामराम. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, पण मधे एकदा हात धुऊन कागद-पेन्सिल जवळ घ्या. दोन-तीन आकडे सांगणार आहे, ते लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आज अभंगावर बोलणार नाही, चालीवरही नाही. बोलणार आहे तारेवर. वीणेची तार. तुम्ही म्हणाल, त्यात बोलण्यासारखं काय आहे? तुटली की दुकानातून आणायची आणि लावायची. आम्हीही असंच म्हणत होतो. त्याची किंमत आमच्या मंडळाने वर्षभर मोजली.

आमच्या गावात चैत्रात सप्ताह असतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पहारा नेहमी पुरुषांचा. मागच्या सालच्या आधीच्या साली पहिल्यांदा बायकांना पहारा मिळाला. कोणता? रात्री दोन ते चार. जो कुणालाच नको असतो तो! पण आम्ही आनंदाने घेतला. काळी एकमध्ये लावलेली वीणा आमच्या हाती आली. त्या पट्टीत आम्हाला गाता येईना. खाली गेलं तर आवाज घशातच राहतो, वर गेलं तर किंचाळल्यासारखं होतं. मंडळातल्या एका ताईंनी पेटी काळी चारला धरली आणि वीणेच्या खुंट्या पिळून वीणा तिथवर आणली. अर्धा तास इतकं छान झालं की झोप कुठल्या कुठे गेली. आणि साडेतीनच्या सुमारास टण्णकन जोडाची एक तार तुटली. जिच्या गळ्यात वीणा होती तिच्या गालावर ओरखडा उठला. डोळा दोन बोटांनी वाचला.

सकाळी काय ऐकलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. ‘बायांच्या हाती वीणा दिली आणि सप्ताहात तार तुटली.’ कुणी अपशकुन म्हणालं, कुणी हात जड म्हणालं. सासूबाईंच्या वयाच्या एका आजी तर म्हणाल्या, ‘माय, तुमाला कशाला पाहिजे होतं ते?’ आम्ही खाली मान घालून ऐकून घेतलं. कारण तार आमच्या हातात तुटली होती हे खरंच होतं.

मग दुकान. दुकानदाराने विचारलं, ‘तुटली का? मग जाड घेऊन जा, तुटायची नाही.’ आम्हालाही पटलं. बारीक दाव्यापेक्षा जाड दावं बळकट, हे आपण गोठ्यात रोज बघतो. चारही तारा जाड आणल्या. काळी चारला लावायला गेलो तर खुंटी थांबेना, सारखी सुटायची. खडू लावला, तेव्हा कशीबशी थांबली. पंधरा दिवसांत घोडी एका अंगाला कलली, भोपळ्यावरची तबली घोडीखाली दबल्यासारखी दिसायला लागली. आवाज म्हणाल तर वीणेचा राहिलाच नाही. बादलीच्या कडीसारखा. शेवटी कंटाळून पुन्हा काळी एकला उतरवली, आणि सहा-सात महिने आम्ही दुसऱ्याच्या पट्टीत गायलो. गायलो कसलं, पुटपुटलो. मंडळातल्या दोन पोरी यायच्या बंद झाल्या. हे मला फार लागलं.

त्या कार्तिकीला पंढरपूरला गेलो तेव्हा वीणा सोबत घेतली, आणि दर्शन झाल्यावर तशाच गाडीत बसून मिरजेला गेलो. आपल्या लातूरची जुनी लहान रेल्वे कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेलाच जायची, ते म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. आता तो मार्ग मोठा झालाय. मिरजेत सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची घरंच्या घरं आहेत, दीडशे वर्षांहून जास्त काळ हेच काम. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जसा नागपूरचा संत्रा तसा मिरजेचा तंबोरा. त्याचा भोपळा येतो आपल्या ओळखीच्याच मुलखातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांतून. आणि बायकांनी जाहीर मैफलीत गाऊ नये असं लोक म्हणत होते त्या काळात ज्या गायल्या, त्या हिराबाई बडोदेकर, त्यांचा जन्मही मिरजेचाच, 1905 चा. हे मला तिथे गेल्यावर कळलं. बरं वाटलं.

एका वयस्क कारागिरांनी वीणा मांडीवर घेतली. मी म्हटलं, ‘काका, चांगली तार द्या, न तुटणारी.’ ते तारेकडे बघेनातच. मला विचारलं, ‘गातं कोण?’ मी म्हटलं, बायका. ‘पट्टी?’ काळी चार. मग टेप काढली आणि घोडीपासून वरच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीपर्यंत तार जेवढी वाजते तेवढी लांबी मोजली. अडीच फूट भरली. आणि मग म्हणाले, ‘आता तारेचं बोलू.’

मैत्रिणींनो, आजचं बोलणं यासाठीच आहे. तार निवडताना आधी गळा, मग लांबी, मग धातू आणि सगळ्यात शेवटी जाडी. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

आधी धातूचं सांगते, कारण आमच्या तारेचं खरं कारण तिथेच सापडलं. वीणेला आमच्याकडे चार तारा आहेत, तुमच्याकडे कमीजास्त असतील, खुंट्या मोजा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, तीही षड्जच पण खालच्या सप्तकातली. जोड सगळ्यात उंच वाजतात, म्हणून सगळ्यात जास्त ताणलेल्या असतात. त्या पोलादाच्याच हव्यात. खर्ज पितळेची किंवा काशाची चालते, नव्हे तीच हवी, कारण त्यात गोलाई येते. आमच्या वीणेत कधीतरी कुणीतरी जोडातली एक तार पितळेची लावली होती. पिवळी धमक, दिसायला सुंदर. काळी एकला ती वर्षानुवर्षं टिकली. आम्ही काळी चारला चढवली आणि गेली. कारागीर हसले. म्हणाले, ‘ताई, तुमचा हात जड नाही. ही तार तिथवर जाणारीच नव्हती.’

हे मी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं, खोटं कशाला सांगू.

आता हिशेब ऐका. काळी एकचा षड्ज आणि काळी चारचा षड्ज यांत पंचमाचं अंतर. काळी चार हा काळी एकचा पंचमच आहे, पेटीवर मोजून बघा. म्हणजे सूर दीडपट उंच. पण तीच तार दीडपट उंच न्यायची तर तिच्यावरची ओढ दीडपट होत नाही, दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होते. वीस किलोचं पोतं पाठीवर होतं, त्याचं पंचेचाळीस किलोचं झालं. पोलादाची तार ते सोसते. पितळेची सोसत नाही. त्यातून चैत्राचं ऊन. आम्ही तार चढवली रात्री, हवा अजून गरम असताना. पहाटे हवा थंड झाली, तार आखडली, आणखी ताणली गेली. साडेतीनला तुटणं हा काही योगायोग नव्हता.

मग जाड तारेचं काय? दुकानदाराचं चुकलं कुठे? हे मला तिथे तीनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं. जाड दावं जास्त ओझं उचलतं हे खरं. पण जाड तार त्याच सुराला आणायची तर तिला ओढावंही तितकंच जास्त लागतं. तार दुप्पट जाड केली तर बळ चौपट, पण त्याच सुराला लागणारी ओढही चौपट. हिशेब फिटला, हाती काहीच आलं नाही. तुटायची ती तार जाड असो की बारीक, त्याच सुराच्या आसपास तुटते. फरक पडतो तो वीणेला. ती चौपट ओढ जाते घोडीवर, तबलीवर, दांडीवर आणि खुंट्यांवर. आमची घोडी का कलली हे तेव्हा उमगलं. तार वाचवायला गेलो आणि वीणा मोडत बसलो होतो.

म्हणून तार तुटत असेल तर जाडी वाढवू नका. तीन गोष्टी बघा. धातू चुकीचा आहे का? तार गंजली आहे का? आणि आपण वीणेच्या लांबीपेक्षा जास्त उंच लावतोय का? लांब तार उंच सुराला लवकर दमते. म्हणून तर पुरुषांचा तंबोरा मोठा, त्याची वाजणारी तार साधारण एक मीटर, आणि बायकांचा तंबोरा त्याच्या पाऊणपट. बायकांचा तंबोरा लहान तो नाजूक दिसावा म्हणून नाही. आपला गळा उंच, त्याला तार आखूडच लागते. पुरुषांचा मोठा तंबोरा घेऊन बायकांची पट्टी लावायची म्हणजे नवऱ्याच्या चपला घालून वारीला निघायचं.

आता आकडे लिहून घ्या. वाजणारी लांबी अडीच फुटांच्या आसपास आणि पट्टी काळी चार ते काळी पाच असेल तर: जोडाच्या दोन्ही तारा पोलाद, जाडी 0.28 ते 0.30 मिलिमीटर. पंचमाची तार पोलाद, 0.30 ते 0.32. खर्जाची पितळ किंवा कासं, 0.45 च्या जवळपास. पुन्हा सांगते. जोड 0.28 ते 0.30. पंचम 0.30 ते 0.32. खर्ज 0.45. हे पावलीत बसवलेलं माप नाही, एखादा केस इकडे तिकडे चालतो. आम्हाला दुकानात मिळाली होती ती जोडाची तार 0.36 ची निघाली. फरक वाचायला एवढासा, पण ओढ दीडपटीच्याही वर गेली होती.

आणि दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. का ते ऐका, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. तारेच्या नंबरांच्या दोन रीती आहेत. एका रीतीत नंबर वाढला की तार बारीक होते, 28 नंबरपेक्षा 30 नंबर बारीक. दुसऱ्या रीतीत, जी सतारवाले वापरतात, नंबर वाढला की तार जाड होते, 3 पेक्षा 5 जाड. दोन्ही नंबर एकाच दुकानात, एकाच बरणीत असतात. तुम्ही बारीक म्हणून मोठा नंबर मागायचा आणि जाड घेऊन घरी यायचं. मिलिमीटरमध्ये असा घोळ होत नाही. दुकानदार ‘मिलिमीटर काय माहीत नाही ताई’ म्हणाला तर पुड्यावर छापलेलं बघायला सांगा. पुडाच नसेल, नुसती सुटी गुंडाळी असेल, तर नका घेऊ.

अंगणात कपडे वाळत घालायची तार, सळया बांधायची तार, सायकलच्या ब्रेकमधली उकललेली तार, हे सगळे प्रयोग आपल्याकडे एकतारीवर होतात, मला माहीत आहे. बांधणीची तार मऊ असते, म्हणून तर ती हाताने पिळता येते. तीच मऊपणाची खोड वीणेत नडते. ती ताणत जाते, सूर उतरत जातो, आणि आपल्याला वाटतं खुंटी ढिली झाली. एकतारीलाही पोलादाचीच वाद्याची तार लावा. चारही तारांचा आमचा संच दोनशे रुपयांच्या आत आला होता. एका साडीच्या फॉल-पिकोचे पैसे.

उलटी चूकही होते, तीही सांगून ठेवते. बायकांच्या पट्टीच्या बारीक तारा लावून वीणा पुरुषांच्या काळी एकला उतरवली तर तारा सैल पडतात, घोडीवर फटफट वाजतात. एकाच तारांवर दोन-तीन सुरांचा वर-खाली फरक चालतो, त्यापुढे नाही. एक वीणा आणि दोन पट्ट्या हे जमत नाही. आमच्या गावात यावरूनच पुढे बरंच झालं, ते शेवटी सांगते.

आपली पट्टी कोणती हे कसं ओळखायचं? एकटीचं नाही, मंडळाचं. सगळ्या बसा. तुमच्या मंडळात जो अभंग सगळ्यात उंच जातो तो काढा आणि पेटीवर काळी चारला म्हणा. वरच्या जागेला किती जणी गप्प होतात ते बघा. मग सगळ्यात खाली उतरणारी ओळ म्हणा, तिथे किती जणी गप्प होतात ते बघा. वर जास्त गप्प झाल्या तर पट्टी एक घर खाली आणा, खाली जास्त झाल्या तर एक घर वर. आमच्याकडे तीन संध्याकाळ गेल्या यात, आणि भांडणंही झाली, कारण जिचा आवाज चांगला तिला सगळं उंचच हवं असतं. पण मागच्या रांगेतल्या बायांचं ऐका. त्या गप्प झाल्या की भजन दोघी-तिघींचं होतं.

मागे दिवाळीत माझ्या भावाची नात पुण्याहून आली, तिच्याकडे ते युकुलेली म्हणून लहानसं वाद्य होतं, गिटारच्या पोरासारखं. 1879 मध्ये पोर्तुगालकडून हवाई बेटांवर मजूर गेले, त्यांच्यासोबतच्या लहान वाद्यातून ते तिथे तयार झालं म्हणे. त्याला नायलॉनच्या तारा. तिची एक तार गेली होती आणि ती गिटारची पोलादी तार लावायला निघाली होती. मी म्हटलं, थांब बाई! तिच्या वाद्याची वाजणारी लांबी सतरा इंच, लाकूड पापडासारखं पातळ. पोलादाच्या ओढीने घोडी उपटून आली असती. तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, ‘आजी, तुला कसं माहीत?’ मी सांगितलं, माझी घोडी कलली होती म्हणून माहीत.

आता तार लावायची रीत, थोडक्यात. चारही तारा एकदम सोडू नका. एक काढा, एक लावा, नाहीतर घोडी जागेवरून सरकते. आणि तोंड बाजूला ठेवून लावा, लेकरं जवळ नकोत. खालच्या टोकाला फास करताना तार स्वतःभोवती घट्ट पिळा, पण कुठे चेपू नका. तार चेपली तिथेच मोडते. खुंटीवर तीन-चार वेढे येतील एवढी ठेवून बाकीची कापा. एकदम पट्टीवर चढवू नका. दोन घरं खाली आणून रात्रभर राहू द्या, सकाळी वर न्या. बारीक फरक मण्याने काढा, खुंटीने नाही. आणि घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा विसरू नका, तो नसेल तर कितीही महाग तार आणा, वीणा मुकीच.

गंजाचं एक बोलायचं राहिलं, आणि इथे मी थोडं रागावून बोलणार आहे. वीणेची पूजा आपण करतो, करावी. पण हळद-कुंकू तारेवर वाहतो, ओला हार दांडीला बांधतो, पाणी शिंपडतो. पोलादाला ओल लागली की गंज आलाच, आणि तो घोडीवर, जिथे दिसत नाही तिथे आधी येतो. हळद-कुंकू भोपळ्याला लावा. हार कोरडा करून घाला. वाजवून झालं की सुती कोरड्या कापडाने तारा वरपासून खालपर्यंत पुसा, हाताचा घाम आणि तेल निघून जातं. माझ्याकडे जुन्या धोतराचा तुकडा आहे, वीणेच्या खोळीतच असतो. आणि बोट फिरवून तार खरखरीत लागली तर ती तुटायची वाट बघू नका. सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस बदला.

तर आमच्या गावाचं. मिरजेहून आलो आणि गावच्या वीणेला योग्य जाडीच्या तारा लावल्या, काळी चारच्या. पुरुषमंडळींनी दोन दिवसांत तक्रार केली, आमच्या पट्टीत सैल वाजते. त्यांचं खरं होतं. मी बुवांना जाऊन सांगितलं, वीणा तुमची, तारा तुमच्या पट्टीच्या लावून देते. आणि लावून दिल्या, मीच, त्यांच्यासमोर, मिलिमीटर मोजून. मग गटाच्या बचतीतून आणि भिशीतून आम्ही पंढरपुरातून एक वापरलेली लहान वीणा घेतली.

मग नवीन पेच. पहाऱ्यात वीणा खाली ठेवायची नाही, आणि आता वीणा दोन. पुरुषांची वीणा बाईने घेतली नाही तर पहारा तुटतो का? यावर देवळात दोन रात्री चर्चा झाली. शेवटी एका म्हाताऱ्या वीणेकऱ्यांनी तोडगा काढला. पहारा बदलताना आधी आमची वीणा बाईच्या गळ्यात पडते आणि वाजायला लागते, तिचा नाद सुरू झाला की मगच त्यांची उतरते. चार वाजता उलटं. कुणाला हे पटलंय, कुणाला अजून नाही. देवळाच्या पायरीवर बसून एक जण अजूनही पुटपुटतो.

या चैत्रात पहारा पुन्हा रात्री दोन ते चारचाच मिळाला. ज्या दोन पोरी यायच्या बंद झाल्या होत्या त्यातली एक परत आली, वीणा तिच्याच गळ्यात होती. मी मागे बसले होते, कनवटीला 0.28 ची एक जास्तीची तार गुंडाळून. ती अजून तशीच आहे, पुड्यात.

कुणाच्या वीणेची किंवा एकतारीची तार बदलायची असेल तर गुरुवारी भजनाच्या आधी आमच्याकडे घेऊन या. येताना पट्टी ठरवून या. रामराम.